खानाच्या तंबूत शिरताना

ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा. व्होल्गाकाठ, तोगान खानाची छावणी.

मार्फाताईला वासिल्कोचा वाकून नमस्कार.

मठमातेला नाही, ताईला. मठमाता माझं पत्र उघडायची नाही, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली, तू माझ्याशी अवाक्षर बोलली नाहीस. नाताळात मी चर्चच्या दाराबाहेर बर्फात उभा होतो, चोर आणि खुनी यांच्या रांगेत, आणि तू समोरून गेलीस ती झगा आवरून घेत. ओल्शानचा राजा मी! कशापायी, तर खानानं पुढे केलेला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा एक पेला प्यायलो. आपल्या पाद्र्यांच्या मते तो पेला पोटात गेला की ख्रिस्त बाहेर गेला. अगं, इथे खान देतो आणि पाहुणा नको म्हणतो, असं होत नाही. नको म्हणणाऱ्याला घरी परतायला पाय उरत नाहीत. पण जाऊ दे. भांडायला हे लिहायचं कातडं पुरायचं नाही.

काम दावीदचं आहे.

आपल्या धाकट्यानं खानाच्या अंमलदाराला चर्चच्या दारात घोड्यावरून खाली ओढलं आणि सगळ्या गावादेखत त्याच्या कानफटात मारली. लोकांनी म्हणे टोप्या उडवल्या. तूही मनातून खूश झाली असशील, मी ओळखून आहे तुला. अंमलदार घोडा घेऊन आत शिरत होता, चूक त्याची, कबूल. पण पाण्यात राहून माशाशी वैर करायचं म्हणजे काय! त्या थपडेचा आवाज महिन्याच्या वाटेवर इथे ऐकू आला. मला अर्धा दिवस गुडघ्यांवर बसवलं होतं.

शेवटी ठरलं ते असं. पहिला बर्फ पडायच्या आत दावीदनं स्वतः इथे यायचं, खानापुढे गुडघे टेकायचे, पेला प्यायचा, की प्रकरण मिटलं. नाही आला, तर नद्या गोठल्याबरोबर तीन हजार स्वार ओल्शानची वाट धरतील. शेजारच्या शहराचं काय झालं ते तू आणि मी डोळ्यांनी पाहिलंय. नुसत्या चुली उभ्या होत्या, घरं नव्हती. तो येईल आणि नीट वागेल याला जामीन मी आहे. माझी मान.

तो माझ्या हातचं पत्र घेत नाही. घोडीचा वास येतो म्हणतो. मागल्या मेजवानीत त्यानं माझ्या हातातला पेला काढून कुत्र्यापुढे ठेवला होता, आठवतंय ना? सगळे सरदार बसलेले होते. तर माझं तो ऐकायचा नाही. आई गेल्यावर त्यानं ऐकलं ते फक्त तुझं. तू सांग त्याला.

तुझा वासिल्को


संत पेत्र आणि पावलाचा सण. छावणी नदीकाठानं वर सरकली आहे.

ताई,

तुझं पत्र आलं! तीन ओळींचं का होईना. मिठाच्या नावेवरल्या माणसानं टोपीतून काढून दिलं, तर मी त्याला माझा चांगला पट्टा देऊन बसलो. आता सदरा धरून हिंडतोय.

"येतो म्हणतो आहे. तिथे कसं वागायचं ते सगळं लिही. मी त्याच्याकडून पाठ करून घेईन." बस, एवढंच. खुशाली नाही, आशीर्वाद नाही. तरी मी ते पंचवीस वेळा वाचलं.

तर घे, लिहितो. लहानपणी स्तोत्रं पाठ करून घ्यायचीस तसं घे, कान धरून.

खानाच्या तंबूकडे जाताना दोन जाळ पेटवलेले असतात, त्यांच्या मधून चालावं लागतं. दावीदला म्हणावं, ही अग्नीची पूजा नव्हे. माणसाच्या मनातलं विष जळून जावं म्हणून हे लोक असं करतात. फार तर दाढी थोडी होरपळेल, आणि त्याच्या दाढीला तेवढं चालतं. कमरेला सुरी ठेवायची नाही. तंबूच्या दोरांना टेकायचं नाही, हात लावायचा नाही. शीळ घालायची नाही. ही त्याची खोड आहे, दोन चापट्या जास्त मार. आत गेल्यावर गुडघे टेकायचे, आधी डावा. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मांसाचा तुकडा तोंडात घातला की गिळायचा, कितीही चामट असो. तोंडातला घास थुंकणाऱ्याला इथे मारून टाकतात, आणि ते थट्टेनं नव्हे.

आणि पेला. दोन्ही हातांनी घ्यायचा आणि संपवायचा. पाप लागायचं असेल तर ते माझ्या माथी, असं त्याला सांग. मी आधीच दाराबाहेरचा, आणखी एकानं काय बिघडतंय! आणि हेही सांग की खानाची थोरली राणी ख्रिस्ती आहे. आपल्यासारखी नाही, पूर्वेकडच्या कुठल्याशा पंथाची, पण क्रूस तोच. तंबूत दारासमोरच्या भिंतीवर चांदीचा मोठा क्रूस टांगलेला असतो. म्हणजे तो काही सैतानाच्या गुहेत यायचा नाही.

झालं. कातडं अजून चार बोटं उरलंय, म्हणून लिहितो. इथे स्टर्जन मासा इतका आहे की कुत्रीही तोंड फिरवतात. मठामागच्या सफरचंदांना यंदा बहर कसा आहे? जुन्या झाडाला टेकू द्यायला सांग. दरसाल त्याच फांदीवर सगळा भार येतो आणि दरसाल तू विसरतेस.

तुझा वासिल्को


क्रूस उभारणीचा सण. छावणी तिथेच.

ताई,

दावीद काल दुपारी पोचला. ठीक आहे, वाळलाय थोडा, नाक सोललंय उन्हानं. मी घोड्यापर्यंत धावत गेलो. राजानं असं धावू नये म्हणतात. तो खाली उतरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हातारा झालास की रे दादा." दोन वर्षांत हे पहिलं वाक्य!

जेवायला बसलो तर आपला शहाणा माझ्या ताटापासून हातभर लांब. राईची सुकी भाकरी घरून बांधून आणलेली, तीच चावत होता. कोब्याक, माझा दुभाषा, अस्सल किपचाक टोळीतला पण आपली भाषा बाजारात शिकलेला, त्याला सगळी गंमत. तो म्हणाला, "राजे, तुमच्या भावाला आमचं मेंढरू चावेल अशी भीती वाटतेय का?" तेव्हा दावीद हसला. मग त्यानं माझ्याच ताटातलं एक हाड उचललं आणि असा तुटून पडला की मला चाटायला रस्साही ठेवला नाही. मला रडू आलं ताई. डोळ्यांत धूर गेला म्हणून सांगितलं.

तुझा धडा त्यानं घडाघडा म्हणून दाखवला. जाळ, सुरी, दोर, शीळ, डावा गुडघा, घास, पेला. अगदी तुझ्याच आवाजात. पेल्याबद्दल म्हणाला, "पिईन. मार्फाताई म्हणाली, गावातल्या पोरांसाठी पी आणि घरी येऊन वर्षभर दाराबाहेर उभा राहा. तुझ्या शेजारीच उभा राहतो आता, दादा. बर्फात गप्पा तरी होतील."

निघताना त्यानं विचारलं, "अजून काही राहिलंय का रे?"

मी म्हटलं, "काही नाही. जा, आराम कर." लांबचा प्रवास करून आला होता.

उल्यानाला सांग, नवरा सुखरूप आहे. बाळंतपण जवळ आलंय ना तिचं? तो सारखा तेच सांगत होता. मुलगा झाला तर नाव वासिल्को ठेवणार आहे म्हणे. मी म्हटलं, ठेवू नकोस. त्यावर म्हणाला, "तुला कोण विचारतंय!"

उद्या खानापुढे जायचं.

वासिल्को


क्रूस उभारणीनंतर तिसरा दिवस.

ताई,

घाईत लिहितो, नाव सुटते आहे. घाबरू नकोस. एक घोटाळा झालाय, निस्तरेल.

दावीद जाळांमधून नीट चालला. सुरी काढून दिली. तंबूचं दार उघडलं आणि त्याला समोर तो चांदीचा क्रूस दिसला. मग तू आम्हाला जे शिकवलंस तेच त्यानं केलं. घरात शिरताना दारात थांबायचं, समोर देव बघायचा, छातीवर क्रूस करायचा, मग आत. त्यानं टोपी काढली, थांबला, क्रूस केला. आणि थांबला तो नेमका दाराच्या लाकडी उंबरठ्यावर पाय ठेवून.

या लोकांत उंबरठा तुडवणं म्हणजे घरधन्याच्या मानेवर पाय देणं. त्याला शिक्षा एकच. चार पहारेकऱ्यांनी उचलून बाहेर नेलं त्याला. चाकांवरच्या एका तंबूत ठेवलंय, मला भेटू देत नाहीत. पण कायद्यात एक वाट आहे. परका माणूस, ज्याला ही रीत ठाऊकच नव्हती, त्याला सोडून देतात. मागे एका फिरंगी व्यापाऱ्याला दोन फटके मारून सोडलेलं मी स्वतः पाहिलंय. पण माहीत असून पाय दिला, तर त्यानं खानाच्या घराण्याचं वाईट चिंतलं असं धरतात. मग सुटका नाही.

उद्या पंच बसणार आहेत. जामीन मी, म्हणून आधी मलाच विचारतील, भावाला रीत सांगितली होतीस की नाही. कोब्याक म्हणतो, ज्यानं पाहुण्याला न शिकवता खानापुढे आणलं, त्या जामिनाची राज्याची सनद तर जातेच, कधी कधी डोकंही जातं. काय सांगायचं ते मी बघून घेईन. तू काळजी करू नकोस.

आणि संत पेत्राच्या सणाला लिहिलेलं माझं पत्र तुझ्याकडे असेल, ते जाळून टाक. कारण काही नाही. खानाची माणसं गावात येतात-जातात, आपली लिपी वाचणारेही त्यांच्यात आहेत. आजच जाळ.

वा.


देवमातेच्या ओढणीचा सण. पहिला बर्फ.

ताई,

दावीद गेला.

माझ्या आधी ही बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेल. आपले फरवाले व्यापारी इथून निघाले तेव्हाच त्यांच्या तोंडी गोष्ट तयार होती. दावीदनं घोडीचं दूध प्यायला नकार दिला, खानाच्या तोंडावर पेला फेकला आणि ख्रिस्ताचं नाव घेत मेला. ओल्शानमध्ये त्याच्या नावानं मेणबत्त्या लागल्या असतील. लागू देत. उल्यानाला त्याचा आधार वाटत असेल, तर वाटू दे, असं मी पाच दिवस स्वतःला सांगतोय. सहावा दिवस काही निघत नाही.

पेला त्याच्यापर्यंत पोचलाच नाही ताई. उंबरठ्यापुढे तो गेलाच नाही.

ते पत्र जाळलं असशील तर जाळलंस. नसशील तर जाळू नकोस. त्यात काय नाही हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तू ते त्याच्याकडून पाठ करून घेतलंस.

मी विसरलो, असं लिहायला बसलो होतो. तीन कातडी खरवडून टाकली. विसरलो नव्हतो. पहिल्यांदा मी इथे आलो तेव्हा कोब्याकनं माझ्या काखेत हात घालून मला लहान पोरासारखं उंबरठ्यावरून उचलून आत ठेवलं होतं, ते कोण विसरेल? जाळांबद्दल लिहितानाच मला उंबरठा आठवला. मग म्हटलं, पुढे लिहू. पुढे गेलो, पेल्याबद्दल लिहिलं, आणि पेल्यावरून ती मेजवानी आठवली. कुत्र्यापुढे ठेवलेला माझा पेला. सरदारांची हसरी तोंडं. उरलेल्या चार बोटांत मग मी मासे आणि सफरचंदं लिहिली.

मरावा असं वाटलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं! त्या फिरंग्यासारखे दोन फटके बसतील, चार लोकांत मान खाली जाईल, मग मी पुढे होऊन सोडवीन आणि तो म्हणेल, दादा होता म्हणून वाचलो. एवढंच हवं होतं मला. तो आला, माझ्या ताटातलं हाड खाल्लं, तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हटलं, सकाळी जाळांपाशी सांगू. सकाळी तिथे गर्दी होती. खोटं लिहितोय. गर्दी नव्हती.

आता पंचांचं. सात म्हातारे बसले होते, खान मध्ये. दावीदला माझ्यापासून पाच पावलांवर उभा केला होता, हात मागे बांधून. रात्रभर थंडीत ठेवलेला, ओठ निळे पडले होते, पण माझ्याकडे बघून त्यानं भुवई उडवली, लहानपणी तुझा मार खायच्या आधी उडवायचा तशी. थोरल्या पंचानं मला विचारलं, "भावाला उंबरठ्याची रीत सांगितली होतीस?"

एकच शब्द म्हणायचा होता. नाही. म्हटला असता तर दावीद आज वाटेवर असता, आणि इथलं काय व्हायचं ते माझं झालं असतं.

मी म्हटलं, "सांगितली होती. लिहून पाठवली होती."

कोब्याकनं माझ्याकडे पाहिलं. माझी पत्रं नावेवर तोच पोचवतो, पण उघडत नाही. मग त्यानं माझं उत्तर पंचांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मी दावीदकडे बघितलं नाही. पायांकडे बघत होतो, त्याच्या बुटाची शिवण उसवलेली होती.

हा पहिला बर्फ पडायचा थांबला की मी निघेन. सनद मिळाली आहे, पुन्हा माझ्याच नावाची, वर खानाचा लाल शिक्का. ओल्शानवर स्वार जाणार नाहीत. गाव वाचलं. बरोबर त्याला आणतोय. राजाच्या घरच्याचं रक्त जमिनीवर सांडू देत नाहीत, हा यांच्याकडचा मान. लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून पाठीवर गुडघे दाबले. अंगावर एक ओरखडा नाही, तेव्हा उल्यानाला तोंड बघू दे. तू त्याला घातलेला क्रूस गळ्यातच आहे. आणि ती बाळंतपणातून उठली, की ते पत्र तिला वाचून दाखव. मेणबत्त्या लावणाऱ्यांना वाचून दाखव, चर्चच्या दारात, मोठ्यानं. मी तिथेच बाहेर उभा असेन. माझ्यात स्वतः सांगायची हिंमत नाही, हे मला पंचांपुढे कळलं. तुझ्यात आहे.

पण एक गोष्ट त्या पत्रात नाही. ती इथे लिहितो, कारण ती फक्त मलाच माहीत आहे आणि ती घेऊन मला जगता येत नाही.

माझं सांगून झालं तेव्हा पंच दावीदकडे वळले. रीतच आहे, गुन्हेगारालाही विचारतात. तो भाऊ खोटं बोलतोय असं नुसतं म्हणाला असता, तरी त्यांनी पत्र मागवलं असतं. तुझ्याकडे माणूस पाठवला असता. त्याला धडा तोंडपाठ होता ताई. त्यात काय नव्हतं हे त्याला त्या क्षणी पुरतं कळलं होतं. मला त्याच्याकडे बघावंच लागलं.

"भाऊ म्हणतो ते खरं?" पंचानं विचारलं.

दावीद माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खरं आहे. सांगितलं होतं त्यानं. पण लहानपणापासून दादाचं ऐकायची सवयच नाही मला."

कोब्याकनं ते तसंच्या तसं त्यांच्या भाषेत सांगितलं. सातही म्हातारे हसले. खान हसला.

मीही हसलो, ताई.

वासिल्को